पिल्लू वाढतं कशावर?

"पिल्लाला काय घालता?" असं आमच्या बदनापूर भागात कुणालाही विचारा, उत्तर एकच येतं. "दूध-भाकर." विचारणाऱ्यालाही त्यात काही वावगं वाटत नाही. माणसाचं लेकरू दूध-भाकरीवर वाढतं, मग कुत्र्याचं का वाढू नये? आज श्रोत्यांशी बोलायचंय ते या दूध-भाकरीविषयी. तिच्यात काय आहे, काय नाही, आणि जे नाही ते आपल्याच गावात, आपल्याच स्वयंपाकघरात कुठं मिळतं, याविषयी.

आधीच सांगून टाकतो, मी जनावरांचा डॉक्टर नाही. बी.ए. झालेला, मराठीत कविता लिहिणारा माणूस. कवितेत कुत्रं पुष्कळ येतं. कधी इमानाचं प्रतीक म्हणून, कधी भुकेचं. पण त्याच्या ताटलीत काय असतं, ते काही कवितेत येत नाही. ते मला पशुवैद्यकीय दवाखान्याच्या बाकावर बसून आणि मग वाचून कळलं. बाकावर बसायची वेळ का आली, ते पुढं सांगतो.

भाकरीवर माझा राग नाही, हे पहिल्यांदा लक्षात घ्या. कुत्रा मांसाहारी, त्याला धान्य पचत नाही, असं हल्ली शहरातली शिकलेली माणसं सांगतात. ते अर्धंच खरं आहे. स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी 2013 साली लांडगा आणि कुत्रा यांची जनुकं ताडून पाहिली. पिठूळ पदार्थ पचवणारा जो पाचकरस असतो, त्याच्या जनुकाच्या लांडग्याजवळ दोनच प्रती. कुत्र्याजवळ चारपासून तीसपर्यंत. म्हणजे हजारो वर्षं माणसाच्या उंबऱ्याशी बसून, त्याचं उष्टं खाऊन, कुत्र्याचं पोटसुद्धा माणसाळलं. ज्वारीची भाकर त्याच्या अंगाला लागते. गावातलं मोठं कुत्रं भाकरीवर जगतं, ते काही उगीच नाही. शिवाय ते नुसत्या भाकरीवर जगतही नाही. रात्री उकिरड्यावर, खाटकाच्या दुकानामागं, शेतातल्या उंदराच्या बिळापाशी त्याचा दुसरा स्वयंपाक चाललेला असतो. आपल्याला दिसते ती भाकर.

पिल्लाचं तसं नाही. पिल्लू म्हणजे लहान आकाराचा कुत्रा, असा आपला समज असतो आणि सगळा घोटाळा तिथंच होतो. गावठी पिल्लू जन्मतं तेव्हा त्याचं वजन असतं तीनशे-चारशे ग्रॅम. आठ-दहा दिवसांत ते दुप्पट होतं. माणसाच्या बाळाला दुप्पट व्हायला चार-पाच महिने लागतात. वर्षभरात तेच पिल्लू पंधरा-वीस किलोचं कुत्रं होतं, म्हणजे जन्माच्या चाळीस-पन्नास पट. आपण अठरा वर्षं घेतो आणि तरी वीस पटच होतो. दूध तुटल्यानंतरच्या काळात एक किलो वजनामागं पिल्लाला मोठ्या कुत्र्याच्या जवळजवळ दुप्पट ऊर्जा लागते. हाड, मांस, रक्त, दात, केस, सगळं एकाच वर्षात उभं करायचं. मोठ्या कुत्र्याला घर झाडूनपुसून ठेवायचं असतं, पिल्लाला ते बांधायचं असतं. बांधकामाला विटा-सिमेंट लागणार.

आता भाकरीचा हिशोब करा. शंभर ग्रॅम ज्वारीत दहा ग्रॅमच्या आसपास प्रथिनं आणि कॅल्शियम अवघं पंचवीस मिलिग्रॅम. बाजरीत थोडं जास्त. ज्वारीच्या प्रथिनात लायसिन नावाचा घटक कमी पडतो, आणि वाढत्या अंगाला नेमकं तेच हवं असतं. दूध? दुधात कॅल्शियम आहे, प्रथिनंही चांगली. पण पिल्लाच्या वाट्याला येणारं दूध कसं असतं, हे आपल्याला ठाऊक आहे. चहाला वापरून उरलेलं, पातेलं विसळलेलं. पांढरं पाणीच ते. त्यात भाकर कुस्करली की पिल्लाचं पोट नगाऱ्यासारखं फुगतं आणि आपण म्हणतो, "बघा, कसं टम्म झालंय." पोट भरलेलं असतं, अंग उपाशी असतं.

ही गोष्ट शास्त्राला कळली तीही पिल्लांमुळंच, आणि ती हकिकत सांगण्याजोगी आहे.

शंभरेक वर्षांपूर्वी लंडनमध्ये एडवर्ड मेलनबी नावाचे डॉक्टर होते. त्या काळी इंग्लंडच्या कारखान्यांच्या शहरांत गरिबाघरच्या लेकरांना मुडदूस व्हायचा. पाय धनुकलीसारखे वाकायचे, मनगटं जाड व्हायची, बरगड्यांवर गाठी यायच्या. कुणी म्हणे कोंदट हवेनं होतो, कुणी म्हणे हिंडणं-फिरणं नाही म्हणून. मेलनबींनी कुत्र्याची पिल्लं घेतली, घरात बंद ठेवली आणि त्यांना साय काढलेलं थोडं दूध, पाव, ओटची लापशी असं गरिबाघरचं जेवण दिलं. महिन्या-दोन महिन्यांत पिल्लांचे पाय वाकायला लागले. मग काहींना तेच जेवण ठेवून वरून कॉड माशाच्या लिव्हरचं तेल दिलं. त्यांचे पाय सरळ राहिले. हे प्रयोग 1918-19 मधले. त्या तेलात नेमकं काय आहे, ते मेलनबींना ओळखता आलं नाही. अमेरिकेत मॅकॉलम यांनी 1922 साली ते वेगळं दाखवलं आणि पुढं त्याला ड जीवनसत्त्व असं नाव मिळालं. आपल्या लहानपणी नाक दाबून जे मासळीचं तेल पाजलं जायचं, त्याची मुळं लंडनमधल्या त्या वाकड्या पायांच्या पिल्लांपर्यंत जातात. लेकरांचे पाय सरळ झाले. ज्या पिल्लांचे वाकले त्यांची नावं कुणी लिहून ठेवली नाहीत.

मेलनबींना आणखी एक गोष्ट दिसली. धान्य जितकं जास्त, तितका मुडदूस जास्त. ओटच्या लापशीनं तर फारच. त्याचं कारण पुढं सापडलं. धान्याच्या कोंड्यात फायटिक आम्ल असतं, ते कॅल्शियमला धरून ठेवतं आणि अंगी लागू देत नाही. साय काढलेलं दूध, पाव, लापशी. आमच्याकडं पातळ दूध आणि भाकर. फरक किती, तुम्हीच सांगा.

दवाखान्याच्या बाकाची गोष्ट इथलीच. आमच्या गल्लीतला एक दहावीतला मुलगा, तीन आठवड्यांचं पिल्लू उचलून घेऊन आला. मोठ्या हौशीनं वाढवलं. गळ्यात लाल पट्टा, नाव ठेवलेलं टायगर. तीन महिन्यांचं झालं तेव्हा पुढचे दोन्ही पाय बाहेर फाकलेले, पंजे सपाट पडलेले, उठताना कुईं करायचं. पोरगा रडकुंडीला आला. "चाचा, कुणी लाथ मारली असंल का याला?" मी त्याच्याबरोबर दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी पिल्लाला हात लावायच्या आधी विचारलं, "काय घालता?" मुलगा अभिमानानं म्हणाला, "रोज दूध-भाकर, साहेब. एक दिवस खाडा नाही." डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी पिल्लाची मनगटं चाचपली, डोळ्याची पापणी ओढून पाहिली आणि कागदावर लिहायला लागले. जंताचं औषध, आणि त्याखाली एक मोठी यादी खाण्याची. अंडी होती, कलेजी होती. मुलाला वाटलं होतं इंजेक्शन देतील.

गल्लीतल्या वडीलधाऱ्यांचा सल्ला होता, "उन्हात बांध, हाडं घट्ट होतील." माणसाच्या लेकराला तो सल्ला बरोबर आहे. ऊन अंगावर घेतलं की आपल्या कातडीत ड जीवनसत्त्व तयार होतं. कुत्र्याच्या कातडीत ते पुरेसं तयार होत नाही. नेदरलँड्समधल्या उट्रेख्त इथल्या संशोधकांनी हे 1994 मध्ये दाखवून दिलं. कुत्र्याला ड जीवनसत्त्व पोटातूनच मिळावं लागतं, अंड्याच्या बलकातून, कलेजीतून, माशातून. मराठवाड्याच्या एप्रिलातल्या उन्हात बांधलेलं पिल्लू नुसतं धापा टाकणार.

टायगरचे पाय दोनेक महिन्यांत बरेच सुधारले. डावा थोडा फाकलेलाच राहिला. पळतो मात्र जोरात.

आता मुळाकडं येऊ. पिल्लाचं पहिलं जेवण म्हणजे आईचं दूध, आणि त्यातही पहिल्या दिवसाचा चीक. रोगांशी लढायची ताकद त्या चिकातून येते आणि पिल्लाचं आतडं ती साधारण पहिल्या चोवीस तासांतच आत घेऊ शकतं. नंतर ते दार बंद होतं. कुत्रीचं दूध गाईच्या दुधापेक्षा किती दाट असतं पहा. प्रथिनं दुपटीहून जास्त, स्निग्धांश दुपटीहून जास्त आणि दुधातली साखर उलट कमी. म्हणून गाईचं दूध पिल्लाला एकीकडं अपुरं पडतं आणि दुसरीकडं जास्त पाजलं तर साखरेमुळं हगवण लावतं. पाणी घालून पातळ केलं तर बाधणार नाही, असं पुष्कळांना वाटतं. त्यानं आधीच अपुरं असलेलं आणखी अपुरं होतं. आई मेलेलं पिल्लू असेल तर म्हशीचं दूध त्यातल्या त्यात जवळचं. डॉक्टरांना विचारून पिल्लांसाठीची दूधपावडर आणली तर सर्वात बरं. कोमट करून, पिल्लाला पोटावर ठेवून, दर दोन-तीन तासांनी थोडं थोडं पाजायचं. बाळासारखं उताणं धरून पाजलं की दूध फुप्फुसात जातं.

आईला काय घालायचं, हा प्रश्न कुणी विचारत नाही. पण आमच्या लहानपणी गल्लीत एखादी कुत्री व्याली की पोरं घरोघर हिंडून पीठ, गूळ, तेल गोळा करायची आणि तिच्यासाठी शिरा व्हायचा. हिंदूंच्या घरून पीठ, आमच्या घरून गूळ, अशी वर्गणी. दादी म्हणायची, "जच्चा है बिचारी, उसका भी हक है." फार सुंदर चाल होती, आता कमी दिसते. पाच-सहा पिल्लांना पाजणाऱ्या कुत्रीला नेहमीच्या दुप्पट-तिप्पट अन्न लागतं. शिऱ्यातून तिला ताकद मिळते, पण दूध तयार व्हायला प्रथिनं हवीत. शिऱ्याबरोबर रोज दोन उकडलेली अंडी ठेवली असती तर दादीच्या शिऱ्याला तोड नव्हती.

तीन ते चार आठवड्यांची झाली की पिल्लं आईच्या तोंडाकडं बघायला लागतात. दुधाचे दात फुटतात. तेव्हापासून मऊ, कालवलेलं अन्न चाटायला द्यायचं. पण आईपासून तोडायचं नाही. सात-आठ आठवडे तरी तिच्याजवळ राहू द्यावं. आमच्याकडं पोरं काय करतात? दहाव्या-बाराव्या दिवशी डोळे उघडले, पिल्लू लुटुलुटु चालायला लागलं की उचललं शर्टात घालून. जी पिल्लं मरतात त्यातली पुष्कळशी या घाईनं मरतात. पालकांनी एवढं एक केलं तरी चालेल. पोराला सांगा, "पिल्लू तुझंच. पण सध्या तिथंच राहू दे, तू रोज जाऊन आईला अंडं घाल."

आता ताटली. आपल्या गावात काय मिळतं? बदनापूर हे तुरीचं गाव. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचं संशोधन केंद्र इथं आहे आणि बीडीएन या अक्षरांनी ओळखले जाणारे तुरीचे वाण इथून निघून लांबलांबच्या शेतात गेले. ती तुरीची डाळ भाकरीच्या उणिवेवर चांगलं औषध आहे. ज्वारीत जे लायसिन कमी, ते डाळीत भरपूर. मऊ शिजवलेलं, घोटलेलं वरण भाकरीत कालवा. मात्र फोडणीच्या आधी काढून ठेवलेलं. कांदा आणि लसूण कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात, कच्चे असोत की शिजलेले. घरात सगळ्यांचं जेवण एकच आणि तेच पिल्लाला, ही आपली मायेची रीत इथं नडते. कालवणाचा रस्सा भाकरीवर ओतण्यात तिखट, मीठ, कांदा, लसूण असं नको ते सगळं आलं.

डाळीनं काम अर्धं होतं. उरलेलं अंड्यानं. अंडं उकडून द्यावं, कच्चं नको. कोंबडीच्या दुकानात पंजे, काळीज, पोटं, कलेजी स्वस्तात मिळतात. ती शिजवून, पंज्यांची हाडं काढून, बारीक करून द्या. कलेजी आठवड्यातून दोनदा, छोटा तुकडा. तिच्यात अ जीवनसत्त्व इतकं असतं की रोज दिली तर त्याचाच त्रास होतो. बाजारात सुकट मिळते. पाण्यात भिजवून, दोनदा पाणी बदलून, मीठ उतरवून शिजवली तर पिल्लाला मेजवानी. ज्या घरात अंडं-मटण चालत नाही तिथं दही, पनीर, डाळ यांवर भर द्यावा. दह्यात दुधातली साखर कमी झालेली असते, ते पचतं. पण सरळच सांगतो, अंड्याशिवाय वाढतं पिल्लू नीट पोसणं अवघड आहे. अशा घरानं पिल्लांसाठीचं तयार खाद्य वापरावं, नाहीतर डॉक्टरांकडून जीवनसत्त्वांची पूड लिहून घ्यावी.

थोडं तूप-तेलही हवं. नामदेव महाराजांची गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकलेली आहे. कुत्र्यानं भाकर पळवली आणि महाराज तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागं धावले, कोरडी खाऊ नको म्हणून. कीर्तनकार तिचा अर्थ भूतमात्री परमेश्वर असा सांगतात, तो खराच. मला त्यात आहारशास्त्रही दिसतं. पिल्लाची जठराची पिशवी एवढीशी, ऊर्जेची गरज मोठी. एक ग्रॅम पिठातून चार कॅलरी मिळतात, एक ग्रॅम तुपातून नऊ. लहान पोटात मोठी ताकद भरायची तर चमचाभर स्निग्ध पदार्थ लागणारच. चमचाभर म्हणालो, वाटी महाराजांनाच शोभते.

आता कॅल्शियम. इथं दोन टोकं दिसतात. एक टोक दूध-भाकरीचं, ते पाहिलं. दुसरं टोक हौशी आणि पैसेवाल्या घरांचं. "आमचा वाघ नुसतं मटण खातो," असं मिशीला पीळ देऊन सांगणारे भेटतात. नुसत्या मांसात कॅल्शियम नगण्य आणि फॉस्फरस त्याच्या पंधरा-वीस पट. हाडाला दोन्ही सारख्या हातानं लागतात, कॅल्शियम किंचित जास्त. रक्तात कॅल्शियम कमी पडलं की शरीर ते हाडातून उसनं काढतं. नुसत्या मटणावरच्या पिल्लाची हाडं आतून कागदासारखी होतात आणि ओट्यावरून उडी मारली तरी मोडतात. मटण खाणाऱ्याचं हाड मोडतं, हे मालकाला पटतच नाही. तिसरे आणखी वेगळे. ते दुकानातून कॅल्शियमची बाटली आणतात आणि मोठ्या जातीच्या पिल्लाला चमचे-चमचे पाजतात. लहान पिल्लाच्या आतड्याला जास्तीचं कॅल्शियम अडवता येत नाही, आलं तेवढं आत घेतं, आणि हाडांची वाढ वेडीवाकडी होते. तयार खाद्य देत असाल तर त्यात कॅल्शियम मोजून घातलेलं असतं, वरून बाटली नको.

घरच्या जेवणात घालायचं असेल तर अंड्याचं टरफल आहेच. धुऊन, उकळून, वाळवून, मिक्सरवर अगदी पिठासारखं बारीक करा. एका टरफलात साधारण दोन ग्रॅम कॅल्शियम असतं. एक ढोबळ हिशोब सांगतो, साधारण पाच किलोच्या, तीन महिन्यांच्या गावठी पिल्लासाठी. दिवसभरात एक मध्यम भाकर, दोन अंडी, शंभर ग्रॅम शिजवलेलं कोंबडीचं मांस, थोडं वरण, चमचाभर तेल आणि अर्ध्या टरफलाची पूड. हा प्रमाण मानायचा नुस्का नव्हे. पिल्लागणिक बदलतो, म्हणून एकदा डॉक्टरांना दाखवून घ्या. पण दूध-भाकरीपासून किती पुढं जायचंय, याचा अंदाज येतो.

हे एकाच वेळी घालायचं नाही. तीन महिन्यांपर्यंत चार वेळा, सहा महिन्यांपर्यंत तीन वेळा, पुढं दोन वेळा. वेळ ठरलेली असावी आणि वीसेक मिनिटांत उरलेलं उचलावं. पाणी मात्र दिवसभर. हदीसमध्ये एक प्रसंग येतो. तहानेनं चिखल चाटणारं कुत्रं पाहून एक वाटसरू विहिरीत उतरला, आपल्या जोड्यात पाणी भरून वर आणलं, पाजलं आणि त्याचे गुन्हे माफ झाले. मुसलमानाच्या घरात कुत्र्याचं काय, असं मला कधीकधी मित्र विचारतात. कुत्र्यानं तोंड लावलेलं भांडं आमच्याकडं धुऊन-धुऊन पाक करावं लागतं, म्हणून त्याची ताटली वेगळी, जागा ओसरीच्या बाहेर. दारात उपाशी मात्र बसू देत नाहीत. वेगळी ताटली ही तशी प्रत्येक घरानं पाळावी अशीच गोष्ट आहे.

बकरी ईदच्या दिवशी आमच्या गल्लीत कुत्र्यांची जत्रा भरते. त्या दिवसाविषयी दोन गोष्टी मी माझ्या बिरादरीत दरवर्षी बोलतो, इथंही बोलतो. शिजवलेलं हाड पिल्लाला देऊ नये. शिजलेलं हाड फुटतं ते सुईसारखं, आतडं फाडतं. आणि जनावराच्या कलेजीवर किंवा फुप्फुसावर पाण्यानं भरलेल्या पांढऱ्या गाठी दिसल्या तर तो भाग कुत्र्यापुढं मुळीच टाकू नये. जाळावा किंवा खोल पुरावा. त्या गाठींत एका पट्टकृमीची पिल्लावळ असते. ती कच्ची खाल्लेल्या कुत्र्याच्या पोटात वाढते, त्याच्या विष्ठेतून अंडी बाहेर पडतात आणि हातावाटे, भाजीवाटे आपल्या पोटात येतात. मग आपल्या काळजात तशाच गाठी धरतात, आणि त्यासाठी पुढं ऑपरेशन करायची पाळी येते. खाटिक असो, शेतकरी असो, उरलेलं कच्चं कुत्र्यापुढं फेकायची सवय मोडली पाहिजे.

आणखी काही वस्तू पिल्लापासून लांबच ठेवायच्या. मनुका आणि द्राक्षं मूत्रपिंडावर घाला घालतात, चॉकलेट हृदयावर. चहाच्या टपरीवर पिल्लाला बशीत चहा आणि वर बिस्किट द्यायची फॅशन आहे. बिस्किटानं मरत नाही, पण त्यात मैदा आणि साखरेपलीकडं काही नाही. चहातलं कॅफिन एवढ्याशा जिवाला जड जातं.

कितीही चांगलं घातलं तरी आतले भाडेकरू ते खाऊन टाकणार असतील तर काय उपयोग? गोल जंत पिल्लाला आईच्या पोटातच लागतात. त्यामुळं नगाऱ्यासारखं पोट, रखरखीत केस, हाडं दिसणारा पाठीचा कणा असं दिसलं की समजायचं. दुसऱ्या आठवड्यापासून दर पंधरा दिवसांनी तिसऱ्या महिन्यापर्यंत, मग सहाव्या महिन्यापर्यंत दरमहा, वजनाप्रमाणे जंताचं औषध. सहाव्या ते आठव्या आठवड्यापासून लसी सुरू, तिसऱ्या महिन्यात रेबीजची. पार्व्हो नावाचा विषाणू पिल्लाला रक्ताची हगवण लावतो आणि दोन-तीन दिवसांत नेतो. घरची माणसं म्हणतात, "दूध बाधलं." दूध बदलत बसू नये, दवाखाना गाठावा.

उलट बाजूही सांगायला हवी. पोसायचं म्हणजे फुगवायचं, असं नाही. अमेरिकेत लॅब्राडोर जातीच्या अठ्ठेचाळीस पिल्लांच्या जोड्या लावून एक अभ्यास झाला. आठव्या आठवड्यापासून जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा पाव हिस्सा कमी अन्न, आणि हे जन्मभर. 2002 मध्ये निकाल छापून आला. बेतानं खाणारी कुत्री सरासरी जवळजवळ दोन वर्षं जास्त जगली आणि त्यांच्या खुब्याचे सांधेही जास्त काळ धडधाकट राहिले. म्हणून पिल्लाच्या बरगड्यांवर हात फिरवून पाहावा. बोटाला लागल्या पाहिजेत, डोळ्याला टोचता कामा नयेत. आपल्या दख्खनच्या कारवान कुत्र्यांविषयी तर हे मुद्दाम सांगतो. सोलापूर, लातूर, सांगलीच्या जत भागात ही उंच, चवळीच्या शेंगेसारखी सडपातळ कुत्री सांभाळली जातात. धावण्यासाठीच त्यांची घडण. ते पिल्लू बघून "उपाशी ठेवलंय वाटतं" म्हणत लोक त्याला लठ्ठ करायला जातात आणि लांब कोवळ्या हाडांवर नको ते ओझं चढवतात.

चौथ्या महिन्यापासून दुधाचे दात पडायला लागतात, सहा-सात महिन्यांत पक्के बेचाळीस दात येतात. त्या काळात पिल्लू चपला कुरतडतं, खाणं मधूनच सोडतं. घाबरू नये, अन्न थोडं मऊ करावं. खाणं बदलायचं असेल तर एकदम नको, आठवडाभर जुन्यात नवं मिसळत जावं. गावठी कुत्रं दहा-बारा महिन्यांत वाढून पुरं होतं, मोठ्या जातींना दीड-दोन वर्षं लागतात. वाढ थांबली की मांस-अंड्याचं प्रमाण कमी, आणि मग भाकर खुशाल वाढवा. तोवर तिच्याशेजारी अंडं ठेवत चला.